बाई उभ्या राहिल्या

बक्षीस समारंभाचं सूत्रसंचालन करून गणिताच्या बाईंचा घसा पार बसला होता. प्रमुख पाहुण्यांचं भाषण संपलं, कवायतीची मुलं मैदानात रांगा लावू लागली, तेवढ्यात बाई हळूच मंचावरून उतरल्या आणि शिक्षकांच्या खोलीत जाऊन त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. गळ्याशी अडकवलेला छोटा माइक काढायचा राहून गेला होता. आणि तो चालू होता.

चित्रकलेचे सर तिथे ब्रश धूत होते. "काय म्हणाले भाऊ?" त्यांनी विचारलं. भाऊ म्हणजे प्रमुख पाहुणे. प्रभागाचे नगरसेवक.

"काय म्हणणार! शाळेमागच्या नाल्यावर लवकरच पूल. गेल्या वर्षीही लवकरच होता, त्याच्या आदल्या वर्षीही लवकरच. मी तर मुलांना यावर गणितच घालणार आहे. वर्षाला एक भाषण, तर एक पूल बांधायला किती वर्षं लागतील?"

"उत्तर काय येतं?"

"उत्तर कुठलं येतंय! तोवर पोरं त्या हलत्या फळीवरून जातायत. एक पाय घसरला की थेट गटारात."

बाहेर मोठा हशा पिकला. "कवायत रंगलेली दिसतेय," बाई कौतुकानं म्हणाल्या.

"मग तुम्हीच उभ्या राहा की निवडणुकीला," सर म्हणाले.

"राहीन की! वर्षाच्या आत पूल करून दाखवते. भाषणाशिवाय!"

आता टाळ्यांनी पत्रे थरथरले. शाळेचे शिपाईमामा धापा टाकत आत आले आणि तोंडातून अवाक्षर न काढता स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवू लागले. बाईंना वाटलं, यांचाही घसा बसलाय. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

बाई मैदानावर आल्या तर सगळे पालक उठून उभे. राष्ट्रगीत सुरू होतंय असं समजून बाईही ताठ उभ्या राहिल्या. गीत काही सुरू होईना. मग त्यांच्या लक्षात आलं की एवढी सगळी माणसं आपल्याकडेच बघतायत, आणि त्यांचा हात गळ्याशी अडकवलेल्या माइककडे गेला.

त्या क्षणी भाऊंनी हसण्यावारी नेलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण भाऊंचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी मंचावरचा माइक ओढून घेतला. "ठीक आहे बाई! राहाच उभ्या. माझं जाहीर आव्हान आहे!"

बाई घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. त्यांच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं. "अभिनंदन," ते म्हणाले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"गिऱ्हाइकानं. डोळे तपासायला आला होता. भिंतीवरची अक्षरं वाचायची सोडून मोबाइलवर तुमचीच बातमी वाचत बसला."

दुसऱ्या दिवसापासून बाई घरोघर जाऊ लागल्या. उद्देश एकच, की आपण उभ्या राहणार नाही हे लोकांना समजावून सांगायचं. पण आजवर कुठलाही उमेदवार निवडणुकीच्या इतक्या आधी दारात आला नव्हता. लोक खुर्ची पुढे करत, पाणी देत, आणि बाईंनी हात जोडून "मी राहणार नाही हो" म्हटलं की एकमेकांकडे बघून म्हणत, "किती साध्या आहेत!" महिन्याभरात बाईंनी सगळा प्रभाग पालथा घातला. नकाराचा असा प्रचार कुणी पाहिला नव्हता.

मग एका सकाळी पाचवीतली एक मुलगी फळीवरून घसरली. नाल्यात पाणी कमी होतं म्हणून निभावलं, पण हात मोडला. संध्याकाळी तिची आई बाईंच्या दारात उभी राहिली. ती भांडायला आली असेल असं वाटून बाईंनी मान खाली घातली. आईनं आवाज चढवला नाही.

"बाई, तुम्ही म्हणाला होतात," एवढंच ती म्हणाली आणि निघून गेली.

बाई आत वळल्या. आपण पाणी पिता पिता बोललेलं एक वाक्य कुणीतरी इतके दिवस जपून ठेवलं होतं. "अर्ज कुठे भरतात हो?" त्यांनी यजमानांना विचारलं.

निकालाच्या दिवशी मोजणी तीनदा झाली. बाई एका मतानं निवडून आल्या.

पालिकेच्या सभागृहात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा बाईंना छताकडे बघताना चक्करच आली. एवढं उंच छत, एवढ्या खुर्च्या, आणि त्यातली एक आपली! काठावर टेकून बसल्या, जणू खरा मालक येऊन उठवणार होता. बोलायची वेळ आली. मग त्यांनी पर्समधून खडू काढला आणि चालत जाऊन थेट समोरच्या फरशीवर नाला काढला. त्यावर फळी, फळीवर मुलगी. "ही आमची पाचवीतली," त्या म्हणाल्या. अख्खं सभागृह वाकून बघत होतं. पूल मंजूर झाला.

वर्ष पुरं व्हायच्या आत पूल उभाही राहिला. भाषण झालं नाही. पहिल्या दिवशी शाळा सुटली आणि पोरांचा लोंढा आरडाओरडा करत पुलावरून गेला. बाई कठडा धरून बघत राहिल्या. इतकं काँक्रीट खरंच आपल्यामुळे इथं आलंय यावर त्यांचा विश्वास बसेना.

शेजारी भाऊ येऊन उभे राहिले. जरा वाळले होते. "बाई, एक सांगू? कुणाला बोलू नका. माझी नातही याच शाळेत आहे. मत द्यायला गेलो, बटणावर बोट नेलं, आणि ती फळीच आली डोळ्यांपुढे. मी तुम्हाला मत दिलं."

भाऊंनी एक बोट वर केलं.

"एका मतानं पडलो. माझ्याच!"

बाई क्षणभर आकडे पुटपुटल्या. "नाही भाऊ. तसं नाही."

"म्हणजे?"

"निवडून आले तर काय, या भीतीनं मी तुम्हाला मत दिलं. आपण दोघांनी स्वतःला दिलं असतं, तरी मी एकाच मतानं आले असते."

भाऊ बोटांवर हिशेब करू लागले. एकदा केला, पुन्हा केला. मग कठड्यावर कपाळ टेकवून हसत सुटले.

"म्हणजे तसंही मी पडणारच होतो?"

"हो."

"मग दोघांनी स्वतःलाच द्यायचं होतं ना! घरी खरं तरी सांगता आलं असतं. निकालापासून बायको विचारतेय, 'खरं सांगा, स्वतःला तरी दिलंत ना?'"