पहिलं नाव, दुसरं नाव

नळाला पाणी येऊन लगेच गेलं, की आमच्या समोरच्या कुमुदताई म्हणणार, "झालं, न्यू जर्सी झालं." बसचा थांबा हलवला, न्यू जर्सी. सुनेने कबूल केलेला रविवार रद्द केला, तरी न्यू जर्सी. नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत बऱ्याच जणांची मुलं अमेरिकेत, तेव्हा यांचाही मुलगा तिकडेच असणार असं मी धरून चालले होते. मुलगा निघाला ठाण्यात राहणारा.

ताई कॉलेजात इतिहास शिकवायच्या. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली तेव्हा न्यू जर्सीत मालमत्ता नावावर असलेल्या बायकांना मत होतं आणि तीसेक वर्षांनी ते काढून घेतलं, हे त्या मेथी निवडतानाही सांगत. कारण काय, तर म्हणे पुरुषच बायकांचे कपडे घालून दुसऱ्यांदा मत द्यायला येतात. "चोरी त्यांची आणि मत गेलं आमचं," असं म्हणताना त्यांचा आवाज असा चढे, की हे काल-परवाच घडलंय असं वाटावं.

खरं दुखणं घरचं होतं. फ्लॅट दोघांच्या नावावर, पण नवऱ्याचं, म्हणजे नानांचं, नाव पहिलं, आणि सोसायटीत मत पहिल्या नावाला. दर वार्षिक सभेला ताई हात वर करायच्या. मूळचे जवळच्या विचुंबे गावचे आमचे सेक्रेटरी पाटील अदबीने म्हणायचे, "बाई, तुमचं नाव दुसरं हाय. मोजता येनार नाय." शेजारी बसलेले नाना गालात हसत आपला हात वर करायचे, तोही नेमका ताईंच्या विरुद्ध.

फाटकाजवळच्या जांभळाने नानांची पांढरी गाडी खराब व्हायची. झाड तोडायची परवानगी मागावी, हा त्यांचा ठराव. झाडासाठी भांडणाऱ्या ताई. चर्चा चहा येईपर्यंत चालायची आणि ठराव पुढच्या वर्षावर जायचा. मग दोघं भांडत जिना चढायचे. आम्हाला सगळं ऐकू यायचं, आणि ऐकायला आवडायचंही.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. कागदोपत्री ताईंचं नाव पहिलं आलं.

यंदा नानांची इच्छा होती म्हणून कुणीतरी तो ठराव पुन्हा आणला. विरोधात कोण, असं विचारल्यावर ताईंनी हात वर केला. पाटलांनी तो मोजला. एका मताने झाड वाचलं.

लोक टाळ्या वाजवत होते. ताई हात खाली घ्यायला विसरल्या होत्या. मी जवळ जाऊन म्हटलं, "ताई, जिंकलात की."

"न्यू जर्सीत मत होतं ते विधवांना आणि बिनलग्नाच्यांना. नवरा असलेल्या बाईला नव्हतं," त्या म्हणाल्या. "जन्मभर शिकवलं मी हे. पण त्या विधवा मत द्यायला कशा गेल्या असतील, हे कधी मनातच आलं नाही."

त्यांनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे कुणीतरी चहाचे कप ठेवले होते.

"मला मत हवं होतं गं, पण यांच्या शेजारी बसून. यांना हरवायचं होतं मला. आता हरवू कुणाला?"