धडपडेरावांची बायको

सदाशिव मास्तर माणसाचं चित्र काढायला बसले की डोळे काढायचे, कान काढायचे, मिशा, टोपी, सदऱ्याची बटणं, सगळं काढायचे. नाकाची जागा तेवढी मोकळी ठेवायचे. मग पेन्सिल दातात धरून मला हाक मारायचे, "ज्ञानू, जरा बघ रं. कुणासारखा दिसतोय का?"

मी कराडच्या एका हायस्कुलात शिपाई होतो. शाळा माझी दुसरीतच सुटली, पण माणसं ओळखण्यात मला हरवणारा अजून भेटायचाय. मी म्हणायचो, "ह्यो तर पोस्टमास्तर!" झालं. ड्रॉइंगच्या मास्तरांना दरदरून घाम. "मेलो की रं!" म्हणत रबर घेऊन चेहरा पुसायला लागायचे.

"आवं, नाक अजून काढलं न्हाई, तवर मेला कसं?"

"नाक काढल्यावर जाळायलाच न्याल मला."

पोरांचं हातानं लिहिलेलं वर्तमानपत्र दर शनिवारी व्हरांड्यातल्या फळ्यावर लागायचं. लढाईचे दिवस. कागद मिळत नव्हता, म्हणून जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर सगळा कारभार. तळाला चार चौकटींत मास्तरांची हास्यचित्रं. त्यासाठी गावातली मोठी माणसंसुद्धा शाळेत डोकवायची. आणि मास्तर खांबाआड उभे राहून नखं खायचे. कुणी हसलं नाही तरी भीती, हसलं तरी भीती. "लय हसला रं तो. मनाला लागल्याबिगर एवढं कोण हसतंय?"

शेवटी त्यांनी तोड काढली. चित्रातल्या प्रत्येक पुरुषाला स्वतःचंच नाक द्यायचं. कांदाभज्यासारखं नाक होतं त्यांचं. फौजदार असो, न्हावी असो, भजं तेच. आता कोण तक्रार करणार?

तक्रार आली ती बाईवरून.

चित्रातले धडपडेराव दर आठवड्याला काहीतरी घोटाळा करून घरी यायचे. रॉकेल आणायला गेले, चुकीच्या रांगेत उभे राहिले, बोकड घेऊन आले. शेवटच्या चौकटीत बायको चुलीपुढं, आपल्याकडं पाठ करून. वळूनसुद्धा न बघता म्हणायची, "ठेवा तिथं." एकदा तर धडपडेरावांनी चोर धरून आणला. तरी तेच, "ठेवा तिथं." बाईचं तोंड कधी दिसलं नाही.

त्यानंच घात केला. तोंड नाही म्हटल्यावर गावातल्या ज्या त्या बाईला ती आपणच वाटायला लागली. पोस्टमास्तरांची बायको रुसली. हेडमास्तरीणबाईंनी तर घरची चूलच विझवली. उपाशीपोटी हेडमास्तरांनी मास्तरांना बोलावून घेतलं. मी दारातच होतो.

"कुणाची बायको ही?"

"कुणाचीच नाही, सर."

"मग तिचा चेहरा काढा. शनिवारी दिसला नाही, तर वर्तमानपत्र बंद. आणि तुम्ही कवठे महांकाळला, आपल्या गावी मोकळे."

आठवडाभर मास्तर त्या शेवटच्या चौकटीवर वाकून होते. काढायचे, पुसायचे. कागदाला भोक पडलं. शुक्रवारी मी वैतागलो. "आवं, काढा की कुणाचं बी तोंड!"

"कुणाचं बी कसं काढू? ती कुणी बी न्हवती."

मग हळूहळू बोलले. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच त्यांची बायको प्लेगात गेली. फोटो नाही. "घरात आई, बा, चुलते. दिवसा बायकोकडं बघायची सोय न्हाई. राती दिवा मालवलेला. मी बघितली ती चुलीपुढं, पाठमोरी. रानातनं कायबी आणलं की म्हणायची, ठेवा तिथं. पाठ म्हणशील तर आत्ता काढतो. पदर कसा खोचायची, फुंकणी घेतली की मान कुठं कलायची... तोंडच येत न्हाई रं, ज्ञानू."

मी खाली पडलेला रबराचा चुरा झाडून काढला.

शनिवारी चित्र लागलं. बाई वळली होती. मास्तरांनी तिलाही आपलंच नाक दिलं होतं. ते भजं! व्हरांडाभर लोक पोट धरून हसले. हेडमास्तरीणबाईंचं नाक चाफेकळी, तेव्हा घरची चूल पेटली, नोकरी वाचली. खांबाआड मास्तर मात्र नखं खात नव्हते. नुसते बघत होते.

"शोभत न्हाई रं तिला," म्हणाले.

सोमवारी मी हेडमास्तरांपुढं जाऊन उभा राहिलो. शिपाई असलो तरी मान खाली घालून बोलायची सवय मला नव्हती, आजही नाही. बाई कुणाची ते सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, मग मान डोलावली. मी बाहेर येऊन मास्तरांना म्हणालो, "सायब म्हणत्यात, बाईला बसू द्या चुलीपुढं."

पुढच्या शनिवारी ती परत पाठमोरी बसली. पोस्टमास्तर फळ्यापुढं आलेच. "ज्ञानू, कुणाची रे बायको ही?"

"आमच्या मास्तरांची," मी व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणालो.

खांबाआडून "मेलो की रं" येईल म्हणून कान दिला. आलं नाही.