बगळेसरांचं शिफारसपत्र

एका जंगलात, मुलांनो, एक झरा आटला. सगळे प्राणी म्हणाले, ‘अरेरे!’ आणि दुसऱ्या झऱ्यावर निघून गेले.

साळू तेवढी गेली नाही. साळू ही एक तरुण साळिंदरीण. तिला प्रश्न पडला, पाणी गेलं कुठे? तिने झऱ्याजवळ खड्डा खणला. तीन पावसाळे ती रोज खड्ड्यात उतरली, मातीतली ओल मोजली आणि लिहून ठेवली. तिला लेखणी विकत घ्यावी लागत नसे. पाठीवरचा एक काटा उपटला की झालं. दुखायचं. पण तिची तक्रार नव्हती.

तिसऱ्या वर्षी खाली खडक लागला.

‘याच्या पोटात काय आहे ते इथे कुणालाच ठाऊक नाही,’ साळू आईला म्हणाली. ‘पण सातासमुद्रापलीकडे अमेरिका नावाचं जंगल आहे. तिथल्या विद्यापीठात खडकाखालचं पाणी शोधायला शिकवतात. मी जाते, शिकते आणि परत येते.’

‘परत येते’ ऐकून आई हसली. तुम्ही हसू नका. ती खरंच परत येणार होती.

अर्ज करणं सोपं नव्हतं. आधी तिकडच्या भाषेची परीक्षा. त्यासाठी साळूने तीन हजार शब्द पाठ केले. त्यातला एकही शब्द पुढे तिने कुणाच्या तोंडून ऐकला नाही. मग गुणपत्रिकेवर शिक्का. तो तिच्या महाविद्यालयाच्या कचेरीत, घोरपडेभाऊसाहेबांकडे. भाऊसाहेब जातीने घोरपड. खुर्चीला एकदा चिकटले ते चिकटले.

‘शिक्का आहे, शाई नाही,’ ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात म्हणाले, ‘शाई आली, साहेब नाहीत.’

सतराव्या खेपेला शिक्का मिळाला. राहिल्या दोनच गोष्टी, स्वतःबद्दलचा निबंध आणि गुरूचं शिफारसपत्र. त्याची अट कडक होती. पत्र गुरूनेच लिहायचं, पाकीट चिकटवून त्यावर सही करायची, आणि आत काय लिहिलंय ते विद्यार्थ्याला कळता कामा नये.

साळूचे गुरू म्हणजे बगळेसर, जलशास्त्राचे विभागप्रमुख. ते तळ्याच्या काठी एका पायावर, डोळे मिटून उभे असत. लोकांना वाटे, चिंतन चाललंय. माशांना काय वाटे, ते सांगायला मासे उरत नसत.

‘सर, शिफारसपत्र हवं होतं.’

‘कोण गं तू?’

‘साळू, सर. तीन वर्षं पहिल्या बाकावर बसते. काट्यांमुळे शेजारी कुणी बसत नाही.’

‘हां हां, ती होय! अगं, मग तूच लिहून आण की. मी सही करतो.’

‘पण सर, पत्रात काय आहे ते मला कळता कामा नये.’

‘मग डोळे मिटून लिही. मी नाही का मिटत?’

‘आणि माझ्याबद्दल तुम्हाला काय वाटतं, ते मी कसं लिहू?’

‘तुला जे वाटतं तेच मला वाटतं. हा घे नमुना. गेल्या वर्षी मोराने आणला होता. नाव तेवढं बदल.’

साळूने नमुना वाचला. ‘सदर विद्यार्थी कष्टाळू व नम्र असून त्याचा पिसारा प्रेक्षणीय आहे.’ तिने तो घडी करून बाजूला ठेवला आणि खड्ड्याशी जाऊन बसली. खरा गुरू असता तर त्याने काय लिहिलं असतं? तिने एक काटा उपटला आणि लिहू लागली.

‘मी तीन पावसाळे या मुलीच्या खड्ड्याशेजारी बसलो आहे. पहिल्या वर्षी तिची मापं चुकली. मी काही बोललो नाही. तिने वर्षभराची पानं स्वतःच फाडली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. त्या दिवशी मी तिचा विद्यार्थी झालो.’

लिहिता लिहिता साळूचे डोळे भरून आले. असा गुरू तिला कधी भेटलाच नव्हता.

बगळेसरांनी पत्र न वाचता सही केली. चोचीतला मासासुद्धा खाली ठेवला नाही.

आता तो स्वतःबद्दलचा निबंध लिहायचा होता. आई म्हणाली, ‘हे बघ साळू, आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये हो. लोक हसतात.’

साळूने लिहिलं, ‘मी थोडंफार खणते. अजून बरंच शिकायचं आहे.’

चार महिन्यांनी उत्तर आलं. ते घेऊन घोरपडेभाऊसाहेब धावत आले. खुर्चीसकट आले.

‘कुमारी साळू यांचा निबंध वाचता, त्यांना स्वतःच्या कामाची जाण दिसत नाही. क्षमस्व. परंतु त्यांच्या गुरूंचं पत्र वाचून आमची समिती रडली. विद्यार्थिनीच्या खड्ड्याशेजारी तीन पावसाळे बसणारा शिक्षक आमच्याकडेही नाही. श्री. बगळे यांना आम्ही सन्मानाने प्राध्यापक म्हणून बोलावत आहोत. विमानाचं तिकीट सोबत आहे.’

बगळेसरांना पंख होते. तरी त्यांनी खिडकीची जागा मागून घेतली.

जंगलात मोठा सत्कार झाला. शाल झाली, नारळ झाला. साळूने सरांना बाजूला गाठलं.

‘सर, ते पत्र मी लिहिलं होतं, एवढं त्यांना कळवा ना.’

‘वेडी का खुळी तू? ते कळलं तर लबाड कोण ठरेल? तू! तुझ्याच भल्यासाठी मी गप्प बसतोय. आणि हो, बरं झालं भेटलीस. तिथे पहिल्याच दिवशी माझं व्याख्यान आहे, त्या खड्ड्यावर. चार पानं लिहून आण. उद्यापर्यंत.’

साळूच्या पाठीवरचे सगळे काटे उभे राहिले. पण तिने त्यातला एकही उपटला नाही.

‘सर,’ ती म्हणाली, ‘या वेळी तुम्ही लिहून आणा. मी सही करते.’

आणि ती खड्ड्यात उतरली.

बगळेसर गेलेच. व्याख्यानाच्या वेळी काही सुचेना, म्हणून एका पायावर डोळे मिटून उभे राहिले. श्रोते तासभर भारावून बसले. तिकडे आता ते त्याचेच वर्ग घेतात.

इकडे साळू नखांनी खडक फोडते आहे. कालच एक टवका निघाला. टवका ओला होता.

तात्पर्य : गुरू पारखून करावा, असं जुने लोक सांगत. आता तो आपल्यालाच लिहावा लागतो. लिहा बापडे. पण मुलांनो, फार चांगला लिहू नका. चांगल्या गुरूला व्हिसा लगेच मिळतो.