आमच्या गल्लीत हुकूम आईचा

हुकूम सोडणं माझ्या रक्तातच आहे! निदान ईस्टरच्या त्या आठवड्यात मी गावभर तसं सांगत सुटलो होतो. बाबांचा घसा बसला आणि मेरीमातेच्या पालखीचा हातोडा माझ्याकडे आला. हातोडा ठोकायचा, हुकूम द्यायचा, की भोई पालखी उचलणार. बिचारे पालखीच्या खाली, पडद्याआड असतात, त्यांना काही दिसत नाही. त्यांचे डोळे म्हणजे आपली जीभ! बाबांनी खुणेनंच बजावलं होतं : पालखीला साधा ओरखडा आला, तरी हातोडा चुलतभाऊ सातुर्निनोकडे जाईल. तो मेला सूर्यफुलाच्या बिया चावत पुढेच उभा होता.

"उचला, शूरांनो!" मी गरजलो.

पालखी अलगद वर! मी मनातल्या मनात चौकात स्वतःचा पुतळासुद्धा उभारला.

मग आला आमच्या अरुंद गल्लीचा कोपरा.

"डावीकडे!"

पालखी थेट उजवीकडे निघाली! म्हणजे माझ्या उजवीकडे. मी भोयांकडे तोंड करून उलटा चालत होतो, आणि हुकूम त्यांच्या बाजूनं द्यायचा असतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक! पालखीवरच्या मेणबत्त्या बेकरीवाल्याच्या सज्जाकडे सरकल्या.

"नाही नाही! दुसरं डावीकडे!"

"दुसरं कुठलं रे?" पडद्यातून माझा बालमित्र कासिमिरो ओरडला.

"माझं!"

"तुझं आम्हाला दिसतंय होय!"

पुढचे एकीकडे, मागचे भलतीकडे! सज्जातली एक कुंडी थेट बँडच्या ढोलावर आदळली. सातुर्निनोनं बिया खिशात टाकल्या आणि हात पुसायला घेतले.

इतक्यात समोरच्या सज्जातून आईचा आवाज कडाडला. याच सज्जातून तिनं गल्लीतल्या सगळ्या पोरांना 'सूप निवतंय!' अशा हाका मारमारून जेवायला घातलं होतं.

"थांबा, मेल्यांनो!"

पालखी थांबली. बँड थांबला. पाद्रीबाबांचा आशीर्वादाचा हात हवेतच राहिला!

"कासिमिरो, जागचा हलू नकोस! मागच्यांनो, बेकरी सोडा, विहिरीकडे या! सावकाश! भरलं पातेलं आहे असं समजा! आणि एलिसेओ, तू तोंड मीट!"

"हो, काकू!" पडद्यातून एका सुरात उत्तर आलं.

मी तोंड मिटलं. पालखी कोपऱ्यावरून लोण्यासारखी वळली. एक ओरखडा नाही! सातुर्निनोनं निमूटपणे पुन्हा बिया काढल्या.

त्यानंतर दर वर्षी हातोडा माझा आणि कोपरा आईचा.

आई गेली त्या वर्षी सज्जाचं दार बंद होतं. मी कोपऱ्यावर हातोडा ठोकला आणि अगदी बरोबर हुकूम दिला. कुणी हललंच नाही! मला वाटलं, झालं, गेला हातोडा.

"एलिसेओ," आतून कासिमिरो हळूच म्हणाला, "काकूंसारखं सांग की रे."

मी कमरेवर हात ठेवला आणि तिच्यासारखा चिरका आवाज काढला, "बेकरी सोडा, मेल्यांनो! विहिरीकडे या! सूप निवतंय!"

"हो, काकू!"

पालखी वळली. तेव्हापासून अख्खं गाव मला काकू म्हणतं, आणि खरं सांगू? मी ओ देतो!