उजव्या डोळ्यावरील अनधिकृत पट्टी

लिंबवाडीच्या अंगणवाडीतील लाभार्थी क्रमांक अकरा, कुमारी ऋतुजा, वय वर्षे पाच, हिचा डावा डोळा समोर न पाहता नाकाकडे पाहतो, ही बाब ती रांगत होती तेव्हापासून गावाला ठाऊक होती. गावाने तिची योग्य ती दखलही घेतली होती. "आसल्या नजरंची पोर घरात लक्ष्मी आणती, हात लावू नका," असं शेजारच्या छबुबाईंनी जाहीर केलं आणि विषय संपला होता.

धुळाजींच्या मनातून मात्र तो संपेना. आईबाप ऊसतोडीला फडावर गेलेले, तेव्हा आजोबा म्हणून त्यांनीच मेंढरं भावकीच्या हवाली केली आणि नातीला घेऊन बीड गाठलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून चष्मा दिला, वर चिकटपट्ट्यांची एक डबी दिली.

"पट्टी उजव्या डोळ्यावर. रोज सहा तास. वरून चष्मा."

"उजवा तर ठणठणीत हाय की, बाई."

"म्हणूनच. सगळं काम तोच करतो, डाव्यानं बघणंच सोडलंय. उजवा झाकला की डाव्याला बघावंच लागेल. आत्ता केलं तर शिकेल. आठ-दहा वर्षांची होऊन आलात, तर मला फारसं काही करता येणार नाही."

धुळाजी हसले. "म्हंजी जुळ्या कोकरांवानी. धट्टं सारं दूध पितंय, बारकं वाळतंय. मंग धट्टं घडीभर डालग्याखाली झाकायचं. बारकं आपसूक लुचतंय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, हे मी पुढच्या पेशंटला सांगू का?"

दुसऱ्या दिवसापासून साखराबाई रोज सकाळी नातीला मांडीवर घेऊन पट्टी लावू लागल्या. पोर हातपाय झाडायची, आजी गात राहायची:

थोरला निजू दे गं, धाकला जागू दे
माज्या ऋतूच्या डोळ्यांत दोन चांद उगू दे

इथपर्यंत सारं नीट चाललं होतं. मग अंगणवाडीच्या सत्यशीलाबाईंच्या हातून एक चूक झाली. त्यांनी रजिस्टरमध्ये खरं लिहिलं. 'दोष : डावा डोळा. उपचार : उजव्या डोळ्यावर पट्टी.'

तपासणीला आलेले विस्तार अधिकारी राधाकिशन साहेब त्या ओळीपाशी थांबले. खिचडीचा घास हातातच राहिला.

"दोष कुठल्या डोळ्यात?"

"डाव्या, साहेब."

"पट्टी कुठल्या डोळ्यावर?"

"उजव्या. डॉक्टरांनीच तसं..."

"गळती उत्तरंच्या खोलीत, अन् पत्रे टाकले दक्षिणंच्या खोलीवर. असलं काम मी मंजूर करीन का, बाई?"

"नाही साहेब. पण हा डोळा आहे."

"डोळा असो नाहीतर डांबरी रस्ता. रजिस्टर एकच असतं."

आठवड्यात नोटीस आली. 'दोषी डोळा मोकाट फिरत असून निर्दोष डोळ्यास कोणतीही पूर्वसूचना न देता कोंडण्यात आल्याचे निदर्शनास आले आहे. याबाबत तात्काळ खुलासा करावा.'

खुलासा करायला धुळाजी घोंगडी खांद्यावर टाकून स्वतः कार्यालयात गेले आणि त्यांनी कोकरांची गोष्ट सांगितली. साहेबांनी मन लावून ऐकली. ऐकल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हा विषय आपल्याकडचा नसून पशुसंवर्धनाकडचा आहे. फाइल तिकडे गेली. तिथून वीस दिवसांनी अभिप्राय आला: 'कोकरांबाबत सदर पद्धत योग्य व फायदेशीर आहे. तथापि लाभार्थी द्विपाद असल्याने या कार्यालयास अधिक भाष्य करता येत नाही. लाभार्थीचे लसीकरण झाले असल्यास कानात बिल्ला असावा.'

शेवटी समिती बसली. समितीत डोळ्यांचा डॉक्टर नव्हता, कारण त्याला प्रवासभत्ता कुठल्या शीर्षाखाली द्यायचा ते ठरेना. एकमताने ठराव झाला : ज्या डोळ्यात दोष, त्याच डोळ्यावर पट्टी. अंमलबजावणी उद्यापासून. दररोज फोटो पाठवावा.

सत्यशीलाबाई आदेश घेऊन वस्तीवर आल्या, तेव्हा साखराबाई चुलीपुढं होत्या.

"अगं सत्यशीले, तुला तरी पटतंय का ह्ये?"

"मला पटून काय उपयोग, आत्या? फोटो गेला नाही तर माझं मानधन अडकतं."

"मंग काढ फोटू. डाव्यावर लाव, फोटू काढ, अन् जा. तुझ्या सायबाचा डोळा फोटूत, माज्या नातीचा डोळा रानात."

तसंच ठरलं. रोज सकाळी नऊ वाजता पट्टी डाव्या डोळ्यावर, एक फोटो. नऊ वाजून दोन मिनिटांनी नवी पट्टी उजव्या डोळ्यावर, आणि ऋतुजा आजोबाचं बोट धरून मेंढरांमागं.

रानातले सुरुवातीचे दिवस वाईट गेले. पोर बांधाला ठेचकाळायची, पट्टी ओरबाडायची. "आबा, कावून लावताव? मला काईच दिसंना!" धुळाजी म्हणायचे, "दिसंना तर ऐक. घंटी कुठं वाजती, तिकडं चल." घंटीमागं ती चालायची. पुढं घंटीच्या जागी एक काळा डाग दिसू लागला. डागाला पाय फुटले. आणि एका दुपारी, बाभळीच्या सावलीत भाकरी खाता खाता ती सहज बोलून गेली, "आबा, त्या काळ्या मेंढीच्या कानाला भोक हाय."

धुळाजींच्या हातातली भाकरी तशीच राहिली. त्यांनी पोरीचा चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. "आनि काय दिसतंय, माय?"

"तुमी रडताव."

तीन महिन्यांनी बीडच्या बाईंनी भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. डाव्या डोळ्यानं पोरीला आधी फक्त वरची एक ओळ दिसायची, ती आता पाच ओळी उतरली होती. बाईंनी लेखी दिलं : 'डाव्या डोळ्याच्या दृष्टीत लक्षणीय सुधारणा.' हा कागद धुळाजींनी मोठ्या उमेदीने कार्यालयात नेऊन दिला. आता तरी साहेबांना पटेल, एवढीच त्यांची भाबडी आशा.

साहेबांना पटलं. फाइलमध्ये नव्वद फोटो होते आणि नव्वदही फोटोंत पट्टी डाव्या डोळ्यावर होती. वर सुधारणेचा दाखला.

"बघा बाबा," साहेब खुर्चीतून उठून म्हणाले, "समितीचं ऐकलं म्हणून पोरगी वाचली."

"आवं सायेब, न्हाई! आमी रानात उजव्यावर..."

"त्याचा फोटो आहे?"

फोटो नव्हता. मेंढरांनी पाहिलं होतं, पण त्यांच्या कानातले बिल्ले अद्याप नोंदवायचे होते.

पुढच्याच महिन्यात लिंबवाडीचा यशस्वी प्रयोग सगळीकडे राबवण्याचं परिपत्रक निघालं. तिरळ्या बालकांच्या दोषी डोळ्यावरच पट्टी लावावी. चांगला डोळा झाकणाऱ्या पालकांचं समुपदेशन करावं.

ते परिपत्रक तुमच्याही मोबाइलवर आलं होतं. गटातल्या तिघांनी हात जोडले होते, म्हणून तुम्हीही अंगठा टाकलात आणि 'चांगला उपक्रम' असं लिहून ते आणखी चार गटांवर पाठवलंत. वाचायला सवड नव्हती. आता तुमच्या घराजवळच्या अंगणवाडीत एक पोर कमजोर डोळा झाकून बसलं आहे. उघड्या डोळ्यानं त्याला सगळं छान दिसतं, त्यामुळे त्याची काही तक्रार नाही. त्याला सहावं वर्ष चालू आहे, आणि पुढच्या महिन्यात सातवं लागेल.