नुसतं लोटलेलं दार

दाराला चार कुलपं होती आणि माणसं घरात असताना ती चारही लावायची, असा त्या घरातला नियम होता. नियम नवऱ्याचा होता. बायकोने तो लग्नापासून पाळला आणि काल संध्याकाळी ती बॅग भरून माहेरी निघून गेली.

नवऱ्याची बाजूही ऐकून घ्यायला हवी. तो विमा कंपनीत चोरीच्या दाव्यांच्या टेबलावर होता. दिवसभर माणसं त्याच्यासमोर बसून रडत आणि प्रत्येकाची गोष्ट एकाच वाक्याने सुरू होई, "साहेब, आम्ही घरातच होतो हो!" कोणी आतल्या खोलीत टीव्ही बघत होतं, कोणी अंघोळीला गेलं होतं, एका गृहस्थाच्या तर पायांखालचा गालिचा त्याचा डोळा लागलेला असताना नेला होता. अशा गोष्टी रोज ऐकल्यावर माणूस एक तर साधू होतो, नाहीतर कुलपं विकत घेतो. साधू व्हायला रजा मिळत नव्हती.

इमारतीत त्याला सगळे कडीकोयंडे म्हणत. खरं आडनाव फक्त कुरिअरवाल्याला ठाऊक होतं, आणि तोही पाकीट दाराखालच्या फटीतून सरकवून पळ काढायचा.

कालचं निमित्त तसं क्षुल्लक होतं. बायको दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन आली आणि तिने कोपराने बेल वाजवली.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"अरे, तुझी बायको!"

"आवाज वेगळा येतोय."

"सर्दी झालीय मला. सकाळी तूच वाफ घे म्हणालास. उघड आता, हात तुटतायत."

दाराला भिंग होतं, पण भिंगातून सगळीच माणसं संशयास्पद दिसतात. शिवाय सर्दीचं सोंग घेऊन घरात शिरलेल्या एका बाईचं प्रकरण त्याने गेल्याच आठवड्यात हातावेगळं केलं होतं. म्हणून त्याने, अगदी मायेने, तिला तिच्या आईचं माहेरचं आडनाव विचारलं.

बाहेरून टोमॅटो जिन्यावरून घरंगळत गेल्याचा आवाज आला.

"उद्या येईन मी," बॅग भरून झाल्यावर ती म्हणाली. "कधी ते सांगणार नाही. आले की दार नुसतं लोटलेलं पाहिजे. मी बोटाने ढकलणार, ते उघडणार आणि मी आत येणार. जगातली माणसं घरी येतात ना, तशी. कुलूप दिसलं, कडी दिसली, साखळी जरी वाजली, तर जिन्यातूनच मागे फिरेन. पुढचं मग माझा वकीलमामा बोलेल."

वकीलमामांनी आजवर एखादा संसार जोडल्याचं ऐकिवात नव्हतं.

सकाळी त्याने रजा टाकली, चारही कुलपं उघडली आणि दार लोटलं. चार कुलपांच्या वजनाने ते कुरकुरत पुन्हा सताड उघडलं. पुन्हा लोटलं, पुन्हा उघडलं. या दाराला नुसतं लोटून बघायची वेळच आजवर आली नव्हती. शेवटी त्याने समोर खुर्ची मांडली आणि ऑपरेशनला नंबर लागलेल्या माणसासारखा तो उघड्या दाराकडे बघत बसला.

पहिल्यांदा समोरच्या काकू आल्या.

"अगंबाई! दार उघडं?"

"हो, काकू."

"सताड?"

"हो."

"कुठे निघालात?"

"कुठेच नाही."

काकू समजुतीने हसल्या. त्या इमारतीत दार दिवसभर सताड उघडं राहायचं ते एकाच प्रसंगी, कोणी घर सोडून जात असेल तर. "राहू द्या, नका सांगू. तुमचा स्वभावच पडला आतल्या गाठीचा. बायको कुठंय?"

"माहेरी."

"म्हणजे तिला पुढे धाडलंत. शहाणे आहात."

"काकू, खरंच आम्ही घर सोडत नाही आहोत."

"अजिबात नाही सोडत," काकू डोळा मिचकावून म्हणाल्या आणि लगबगीने निघून गेल्या. बातमी काकूंना कळणं आणि इमारतीला कळणं यात फक्त जिन्याचं अंतर होतं.

ते अंतर वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी आधी कापलं. ते मोजपट्टी घेऊनच आले. पाठोपाठ त्यांची मुलगी, तिच्या पाठोपाठ जावई. लेक-जावयाला जवळपास घर मिळावं म्हणून मास्तर कधीपासून टपले होते. ते थेट स्वयंपाकघरात शिरले.

"अंधारं आहे हो," आतून आवाज आला.

"मास्तर, घर द्यायचं नाहीये!"

"सगळे असंच म्हणतात. ओट्याची उंची मात्र बरी आहे."

खरं तर सगळ्यांना बाहेर काढून दार लावून घेतलं की प्रश्न मिटला असता. तो तसा उठलाही. पण नेमक्या त्याच क्षणी ती जिना चढत असली तर? बोट पुढे करायची आणि समोर बंद दार. तो पुन्हा बसला. आयुष्यभर ज्याची भीती बाळगली ते घडत होतं. दार उघडं होतं, परकी माणसं घरात शिरली होती, आणि तो घरातच होता.

जावई दाराशी उभा राहून कुलपं निरखत होता. "दादा, एवढी कुलपं कशाला? इथे चोऱ्या होतात का?"

"नाही."

"मग?"

"म्हणूनच होत नाहीत."

जावयाने जरा विचार केला आणि सासऱ्यांना हाक मारली, "बाबा, दाराचे पैसे वेगळे मागतील हं हे!"

मास्तरांची मुलगी तोवर झोपायच्या खोलीत उभी राहून भिंतीचा रंग ठरवत होती. तो हात जोडून म्हणाला, "ताई, या भिंतीचा रंग माझ्या बायकोने निवडलाय." ती सहानुभूतीने म्हणाली, "असू दे हो. एक हात मारला की झाकला जाईल."

तेवढ्यात काकू परत आल्या. त्यांच्यामागे जुनं सामान विकत घेणारा सामानवाला आणि त्याचे दोन दणकट हमाल. "एकटे आहात बिचारे. म्हटलं, सामानाचं तरी मी बघते. हे कपाट बघ रे आधी."

"कपाटाला हात लावायचा नाही!" तो ओरडला, आणि फोन वाजला. सासूबाई होत्या. तो धावत गॅलरीत गेला.

"निघालीय ती," सासूबाई म्हणाल्या. "डोळे पुसत गेली. जावईबापू, माझी पोर मनाने वाईट नाही हो. आता सगळं तुमच्या हातात. म्हणजे, दाराच्या."

"दार उघडंच आहे, आई."

"आणि हा आवाज कसला?"

"टीव्हीचा."

"टीव्हीवर कोणी 'मोरीचा उतार चुकलाय' म्हणतं का?"

"माहितीपट आहे," तो म्हणाला. मग सासूबाईंनी मुलीच्या सर्दीला काय काय दिलं ते सविस्तर सांगितलं. त्याने सगळं ऐकलं, कारण मध्येच फोन ठेवण्याइतका त्याचा संसार आज मजबूत नव्हता.

तो आत आला तेव्हा घरात एकाएकी खूप उजेड आला होता. कपाट जागच्या जागी होतं. चौकट होती. चौकटीत दार नव्हतं. दार बाहेर जिन्याच्या कठड्याला टेकून उभं होतं, चारही कुलपांसकट.

"कपाट निघेना, म्हणून दार उतरवलं," सामानवाला म्हणाला. "मग बघतो तर कपाटाला मागून वाळवी. पण साहेब, दार काय अस्सल आहे तुमचं! कपाट राहू दे. दारच नेतो."

"बसव! आत्ताच्या आत्ता ते परत बस..."

आणि जिन्यात पावलं वाजली. ती त्याला ओळखता आली. इतकी वर्षं दाराआडून त्याने ती ऐकली होती.

हातात बॅग घेऊन बायको वर आली. तिची मान खाली होती आणि ओठ घट्ट मिटलेले होते. चौकटीसमोर येऊन तिने ठरवल्याप्रमाणे एक बोट पुढे केलं. बोटाला काहीच लागलं नाही. ते हवेत तसंच राहिलं. तिने वर बघितलं. रिकाम्या बिजागऱ्या बघितल्या. मग पलीकडे उभा असलेला, घामाने निथळणारा नवरा बघितला.

"तू," ती म्हणाली आणि तिने बॅग खाली ठेवली, "तू दारच काढून टाकलंस? माझ्यासाठी?"

मास्तरांची मोजपट्टी सर्रकन आपोआप गुंडाळली गेली.

"काय साहेब," सामानवाल्याने विचारलं, "बसवू का परत?"

त्याने सामानवाल्याकडे बघितलं. दाराकडे बघितलं. मग बायकोकडे बघितलं. ती लग्नात दिसली होती त्याहून सुंदर दिसत होती, तेही नाक लाल असताना.

"नको," तो म्हणाला.

"मग नेऊ?"

"ने."

बायकोने डोळे पुसले, कंबर कसली आणि दोन मिनिटांत घर रिकामं केलं. "कोण म्हणालं आम्ही जातोय? काकू, तुम्ही? मास्तर, मोजून झालं असेल तर निघा." मास्तर जाता जाता पुटपुटले, "तसंही, दार नसलेलं घर जावयाला कसं देणार?" हमालांनी दार उचललं. पायरीपायरीला साखळी वाजत खाली चालली होती. तो एकेक वाजणं मोजल्यासारखा ऐकत उभा राहिला.

"किती मोकळं वाटतंय!" बायको म्हणाली आणि कपडे बदलायला आतल्या खोलीत गेली. जिन्यातून जाणाऱ्या एका अनोळखी माणसाने आत डोकावून मान हलवली. नवऱ्यानेही मान हलवली.

बायको लगेच बाहेर आली. कपडे तेच होते.

"अरे."

"काय?"

"एक सांगू? रागावू नकोस. तू केलंस ते खूप मोठं केलंस. पण मी फक्त कुलूप नको म्हटलं होतं." तिने आवाज खाली आणला. "दार चाललं असतं मला."

त्याने डोळे मिटले. खाली रस्त्यावर सामानवाल्याचा टेम्पो खोकला. बंद पडला. पुन्हा खोकला.

"अजून खालीच आहे तो!" ती ओरडली. "पळ! पळ ना!"

तो पळाला. चौकटीपर्यंत पोचला, एक पाय बाहेर टाकला आणि थांबला.

"आता काय झालं?"

"घर असं उघडं टाकून जाऊ?"

"अरे, मी आहे की घरात!"

तो वळला. टेबलापलीकडून त्याच्याकडे बघत आलेली सगळी रडवेली तोंडं एकदम त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. त्याने बाहेर टाकलेला पाय हळूच आत घेतला.

खाली टेम्पो सुरू झाला.