भूविज्ञानवाल्या वहिनी

आमच्या शोभावहिनी दगड चाटतात. लपूनछपून नाही, भर रस्त्यात. बहादरपूरला केळीच्या बागेत पाइपासाठी चर खणला, तर लोक पाइप किती इंची ते बघतात. वहिनी वाकून ढेकूळ उचलतात, जिभेला लावतात आणि ओरडतात, "चिपकलं! भाऊजी, पक्की चिकणमाती!" मजूर बायका एकमेकींकडे बघतात. मी आभाळाकडे.

हे सगळं माझ्यामुळे झालं असं घरात सर्वांचं म्हणणं आहे, आणि ते खोटं असल्याचं मला अजून सिद्ध करता आलेलं नाही. वहिनींना शाळेत शिकवायचं होतं. चौतिसाव्या वर्षी त्यांनी भूगोल घेऊन कॉलेज करायचं ठरवलं. फॉर्म मी भरला. आमच्याकडे फॉर्म हिंदीत असतात; त्यावर 'भूविज्ञान' दिसलं. 'भू' जुळला, मी खूण केली. पहिल्याच महिन्यात नकाशाऐवजी त्यांच्या हाती हातोडा आला. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली, तर म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी. नकाशा वरचा-वरचा असतो."

तेव्हापासून घरात वरचं-वरचं काही उरलं नाही. आईच्या देवघरातली नवी संगमरवरी फरशी अस्सल आहे का, हे वहिनींनी बाथरूमचं ॲसिड टाकून तपासलं. "फसफसली! अस्सल आहे!" त्या आनंदाने ओरडल्या. आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. देवालाही आता खड्ड्यात बसायची सवय झाली आहे. चुलतभावाच्या वरातीची गाडी असीरगडाजवळ थांबवून त्यांनी नवरदेवाला लाव्ह्याचे थर मोजायला लावले. मुहूर्ताची आठवण दिली, तर म्हणाल्या, "इतकी काय जल्दी? हे थर व्हायला लाखो वर्षं लागली." भटजींनी पंचांग पिशवीत ठेवलं.

वहिनींच्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या दादांचं मत विचाराल तर, "तिचं तिला कळतं," एवढं बोलून ते बागेत निघून जातात. बाग घरापासून चार किलोमीटर आहे, याचा त्यांना संसारात फार उपयोग झाला.

डिग्री झाली, बी.एड. सुरू झालं. मागच्या हिवाळ्यात त्यांचा शेवटचा सराव पाठ होता, देडतलाईकडच्या एका शाळेत. गुणांचा पाठ, तपासायला निरीक्षक मॅडम येणार. मातीच्या सात बरण्या मोटरसायकलवर नेण्याचा मान अर्थातच मला मिळाला. मी खिडकीबाहेर उभा राहिलो. वहिनींची फजिती झालीच तर घरी सांगायला साक्षीदार हवा ना.

विषय होता, माती कशी तयार होते. सुरुवात दणक्यात झाली. सातवीची मुलं बरण्यांवर तुटून पडली. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी डोकं टेकून गाढ झोपली. नखांत कापसाचे तंतू. पहाटे वेचणी करून आली असावी.

निरीक्षक मॅडमनी पेन रोखलं. "उठवा तिला. पाठ चालू आहे."

वहिनींनी त्या मुलीकडे पाहिलं. मग त्यांनी काय करावं? आवाज खाली आणला. इतका खाली, की सगळा वर्ग पुढे सरकून, कान देऊन ऐकू लागला. उरलेला पाठ त्यांनी कुजबुजत शिकवला. मुलंही कुजबुजत उत्तरं द्यायला लागली. मॅडमनी 'आवाज' या रकान्यात काढलेलं शून्य मला खिडकीतूनही वाचता आलं.

घंटा झाली. मॅडम वही मिटून गेल्या. मुलं मैदानात पळाली. आवाजाने ती मुलगी दचकून उठली आणि घाबरून उभीच राहिली.

"मॅडम, मी... मेरा पाठ गया?"

"बस, बस." वहिनी तिच्या शेजारी बाकावर बसल्या. "मी पण अशीच झोपायची, तुझ्याएवढी असताना. सर उठवून बाहेर काढायचे. नंतर मी शाळेत जाणंच सोडलं. दहा वर्षांनी, लग्न झाल्यावर, बाहेरून परीक्षा दिल्या."

परीक्षांचं आम्हाला ठाऊक होतं; पण शाळा का सुटली, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही कधी विचारलंही नव्हतं.

मी दारातून म्हणालो, "वहिनी, निघायचं? पाठ तर झाला."

"हिचा कुठे झाला?" असं म्हणून त्यांनी पहिली बरणी पुढे ओढली.

मी चपला काढल्या आणि आत जाऊन त्या मुलीच्या मागच्या भिंतीला टेकून बसलो.